शेजारी घर बांधले जात असता

“घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून” अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधणाऱ्याचे हाल ज्याचे त्यालाच ठाऊक, असा तिचा भावार्थ. परंतु ज्याच्या भिंतीला लागून दुसऱ्याचे घर उभे राहत असते, त्याच्या हालांविषयी आपल्या पूर्वजांनी एकही म्हण मागे ठेवलेली नाही. याचे कारण असे असावे की, त्यांच्या काळी ते हाल फारसे नव्हतेच. घर माती-विटांचे, चुन्याचे आणि सागवानाचे असे. चुन्याची घाणी फिरे, सुताराचा वाकस चाले, गवंड्याची थापी वाजे. आणि शेजारची मंडळी ओट्यावर बसून बांधकामास चार सूचना फुकट करीत. आज त्या ओट्यावर बसण्याची सोयच राहिली नाही. समोर ब्रेकर चालतो, ओट्यावर गिट्टीचा ढीग असतो, आणि सूचना करू गेल्यास ठेकेदाराचा मोबाइल लागत नाही.

इंदूरच्या आमच्या जुन्या मराठी वस्त्यांतून गेल्या काही वर्षांत हे चित्र घरोघर दिसू लागले आहे. होळकरशाहीत नोकरीच्या निमित्ताने जी घराणी येथे आली आणि स्थिरावली, त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत ही घरे पोहोचली. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा सातासमुद्रांपलीकडे गेली; चार भावांत एक अंगण वाटता येईना; लाकडाला वाळवी लागली. मग एक दिवस घर एखाद्या बिल्डरच्या हवाली होते आणि त्या जागी ‘मल्टी’ उभी राहते. ‘मल्टी’ हा इंदूरचा खास शब्द. पुण्या-मुंबईकडील पाहुण्यांना तो समजावून सांगावा लागतो. घर पाडण्यापासून वास्तुशांतीपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जातात, आणि एक काम आटोपते न आटोपते तोच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या घराची कौले उतरू लागतात. घर बदलण्याचा हा क्रम आता थांबणारा नाही, आणि तो थांबावा असे आमचे म्हणणेही नाही. ज्याचे घर त्याने बांधावे. प्रश्न एवढाच आहे की, बांधणाराला शेजाऱ्याची आठवण कोणी आणि कशी करून द्यावी?

या बाबतीत आपल्या समाजाची वागणूक आम्हांस दोन टोकांची दिसते. पहिले टोक भिडेचे. परप्रांतात राहणारी आपण चार माणसे. गणेशोत्सवात एका मांडवात बसणारी, एकमेकांच्या मुंजी-लग्नांत पंगतीला वाढणारी. ज्यांचे काम चालले आहे ते दोन पिढ्यांचे स्नेही. त्यांना कसे बोलावे? म्हणून आपण खिडक्या लावून घेतो, धूळ पुसतो, डोके दुखल्यावर बाम लावतो आणि मनातल्या मनात स्नेहाचा एकेक धागा तोडीत जातो. वास्तुशांतीचे निमंत्रण येते तेव्हा ‘प्रकृती बरी नाही’ असा निरोप धाडतो. समोरच्याला आपला अपराध काय हे शेवटपर्यंत कळत नाही. तोंडाने एकही वावगा शब्द न काढता मोडलेले असे कितीतरी शेजार आम्ही पाहिले आहेत.

दुसरे टोक संतापाचे. सहा महिने गप्प बसलेला गृहस्थ एका दुपारी वामकुक्षी मोडल्याचे निमित्त होऊन गच्चीवर येतो आणि खाली टाइल कापणाऱ्या पोरावर तुटून पडतो. तो पोरगा झाबुआ किंवा अलिराजपूरकडचा. त्याला मालकाने दुपारी दोन वाजता टाइल कापायला सांगितली, तो कापतो आहे. कामाची वेळ ठरविणे, कटरला पाणी लावणे, रेती कोठे टाकायची हे सांगणे यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नाही. तो क्षणभर यंत्र बंद करतो, खाली पाहतो आणि गृहस्थ आत गेले की पुन्हा चालू करतो. ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्यावर ओरडल्याने आपला राग निवतो, त्रास निवत नाही. बोलायचे ते मालकाशी किंवा ठेकेदाराशी. आणि तेही संतापाच्या दिवशी न बोलता त्याच्या आधीच्या दिवशी.

पण बोलण्यापूर्वी एक तयारी केली पाहिजे. बांधकामातील कोणता त्रास अटळ आहे आणि कोणता निव्वळ बेपर्वाईचा आहे, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. उदाहरणार्थ, स्लॅब भरण्याचा दिवस. सिमेंटमध्ये पाणी पडले की त्याचे घट्ट होणे सुरू होते. म्हणून एकदा स्लॅब भरू लागल्यावर मधेच काम टाकून चालत नाही. निम्मा भाग सुकल्यावर उरलेला भरला, तर मधे सांधा राहतो आणि पुढे तेथूनच गळती लागते. मिक्सरची घरघर आणि व्हायब्रेटरचा गुंजारव त्या दिवशी सोसलाच पाहिजे. परंतु त्यासाठी रात्रीचे दोन वाजलेच पाहिजेत असे नाही. सामान आदल्या दिवशी आणून ठेवले, माणसे वेळेवर बोलाविली आणि सकाळी आरंभ केला, तर सामान्य घराचा स्लॅब दिवेलागणीच्या सुमारास आटोपतो. रात्र होते ती बहुधा दुपारपर्यंत गिट्टीच न पोहोचल्यामुळे. म्हणजे स्लॅबचा आवाज अटळ, पण रात्र टाळता येण्याजोगी.

टाइल आणि दगड कापण्याचेही तसेच. कापणे अटळ, पण पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली बसतो. ही धूळ साधी नव्हे. दगड, वाळू आणि काँक्रीट यांतील सिलिकेचे सूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि ते पुन्हा बाहेर पडत नाहीत. दगडफोडीच्या कामगारांना होणारा सिलिकोसिस हा रोग याच कणांचा. केंद्र सरकारने २०१८ साली बांधकामाच्या धुळीविषयी जे नियम केले, त्यांत हवेची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांपुरते, उघड्यावर कापणे-घासणे नको, पाण्याच्या फवाऱ्याची सोय हवी, माती-रेती उघडी टाकू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. हिरवी जाळी लावणे, रेतीवर ताडपत्री घालणे आणि संध्याकाळी रस्त्यावर पाणी मारणे यांस मोठासा खर्च नाही. खर्च लागतो तो फक्त लक्ष देण्याचा.

राडारोड्याचा प्रश्न तिसरा. पाडलेल्या घराचा मलबा नालीवर लोटला की पहिल्या पावसात गल्ली तुंबते. पाया खणताना सांडपाण्याची नळी फुटली आणि तिच्या शेजारून पिण्याच्या पाण्याची नळी जात असली, तर पाण्याचा दाब कमी होताच घाण आत ओढली जाते. हे ध्यानात ठेवून, शेजारी खोदकाम चालू असेतो नळाच्या पहिल्या पाण्याचा रंग आणि वास रोज पाहावा. शंका आली तर पाणी उकळावे आणि त्याच दिवशी झोन कार्यालयात वर्दी द्यावी. बांधकामाचा राडारोडा रस्त्यावर किंवा नालीत टाकून वाट अडवू नये, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांत सांगितले गेले आणि २०२५ साली त्या विषयावर नवे नियम जाहीर झाले. इंदूर शहराने स्वच्छतेसाठी देशात नाव मिळविले आहे. त्यामुळे मलब्याची तक्रार येथे निदान ऐकून तरी घेतली जाते, हे अनुभवाचे आहे.

आता कायद्याविषयी थोडे. कायद्याचे नाव काढताच आपली मंडळी दचकतात. शेजाऱ्याविरुद्ध कोर्टकचेरी करावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु आपला हक्क किती आहे हे ज्याला ठाऊक असते तो शांतपणे बोलू शकतो, आणि ज्याला ठाऊक नसते तो एक तर गप्प बसतो किंवा ओरडतो. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल. दोन माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे ही मर्यादा किती हळुवार आहे याची कल्पना यावी. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा अधिक चढला, तर तक्रार करता येते; आणि १० चा हा फरक लहान नव्हे, कारण दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दसपट होते. २०१० साली या नियमांत जी भर पडली, ती आपल्या कामाची आहे. निवासी वस्तीत आणि शांतता क्षेत्रात बांधकामाची आवाज करणारी यंत्रे रात्री चालविता येणार नाहीत, असे तीत स्वच्छ लिहिले आहे. शाळा, रुग्णालय व न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरविता येते. आणि २००५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नको असलेला आवाज कानांवर न लादला जाणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे.

हे नियम केंद्राचे असल्यामुळे ग्वाल्हेर, वडोदरे, बेळगाव, हैदराबाद येथील वाचकांनाही तेच लागू आहेत. तक्रार घेणारी कचेरी तेवढी निराळी. आमच्या मध्य प्रदेशात याखेरीज १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की याच कायद्याच्या आधारे जिल्हाधिकारी ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घालतात. ध्वनिक्षेपक बंद होतो आणि खिडकीखालचा ग्राइंडर चालूच राहतो, ही गंमत मात्र आम्ही दरवर्षी पाहतो. दहावीच्या मुलाला लाउडस्पीकर आणि ग्राइंडर यांतला भेद कळत नाही. त्याला प्रमेय आठवत नाही, एवढेच कळते. अशा घरांनी फेब्रुवारीच्या आरंभीच मालकाला भेटून, परीक्षेचे वेळापत्रक हातात देऊन, “एवढ्या तारखांच्या आदल्या संध्याकाळी कापाकापी नको” असे मागून घ्यावे. नेमके मागितले तर देणे सोपे जाते. ‘आवाज कमी करा’ ही मागणी कोणालाच पुरी करता येत नाही; ‘अमुक पाच संध्याकाळी सहानंतर कटर नको’ ही करता येते.

आवाज आणि धूळ हे त्रास काम संपले की संपतात. एक गोष्ट मात्र काम संपल्यावरही मागे राहते, आणि तिच्याविषयी भीड धरणे धोक्याचे आहे. ती म्हणजे भिंतीची भेग.

आमच्या गल्लीत एक वृद्ध काकू एकट्या राहतात. वय ७८; घर सासऱ्यांनी होळकरशाहीत बांधलेले, विटा आणि चुन्याचे. शेजारचे घर विकले गेले, पाडले गेले आणि मे महिन्यात काकूंच्या भिंतीला लागून तळघरासाठी खोल खड्डा खणला जाऊ लागला. एके सकाळी काकूंच्या देवघराच्या भिंतीवर केसाएवढी तिरपी रेघ दिसली. आम्ही पाहावयास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो सर, त्या घरच्या आजींनी माझी दोन बाळंतपणे केलीत. त्यांच्या वास्तूविरुद्ध मी अर्ज कसा करू?” आजी जाऊन ४० वर्षे झाली होती आणि घर आता त्यांच्या कुळाचे उरलेही नव्हते, पण काकूंच्या लेखी खड्डा अजून आजींचाच होता. ठेकेदाराने आम्हांस निराळेच ऐकविले: “माटसाब, दीवार तो पहले से फटी थी.”

या एका वाक्याला उत्तर देण्यासाठीच पुरावा लागतो. इंदूरची जमीन माळव्याची काळी माती. पाणी प्यायली की ही माती फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आक्रसते. तिच्यावर उभ्या जुन्या घरांचे पाये बहुधा उथळ. अशा पायालगत खोल खड्डा खणला की मातीचा बाजूचा आधार निघून जातो, आणि पावसाळा लागण्यापूर्वी तो भरून न काढल्यास ओली माती खड्ड्याकडे सरकू लागते. म्हणून शेजारी खोदकाम सुरू होण्याच्या आधीच आपल्या घराच्या प्रत्येक भिंतीची, छताची आणि फरशीची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र चित्रात येईल असे करावे. पहिल्यापासून असलेल्या भेगाही त्यात याव्यात. प्रामाणिकपणाने आपली बाजू बळकटच होते. पुढे नवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि भेगेवर आडवी अशी पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लॅस्टरने बसवावी. भिंत स्थिर असेल तर काच शाबूत राहते. सरकत असेल तर काच तडकते. ही युक्ती जुनी आहे आणि इंजिनिअरांनाही मान्य आहे.

काकूंच्या देवघरातील काच अकराव्या दिवशी तडकली. मग भिडेला जागा उरली नाही. काकूंच्याच सहीने एक पत्र तयार झाले. त्यात राग नव्हता, आरोप नव्हता, तारखा होत्या. अमुक दिवशी खोदकाम सुरू झाले, अमुक दिवशी रेघ दिसली, अमुक दिवशी काच बसविली, अमुक दिवशी तडकली. मागणी तीनच वाक्यांची होती: भिंतीला तात्काळ टेकू द्यावेत, आमच्या बाजूचा चर सलग न खणता थोडा थोडा खणून, तेवढा भाग बांधून मगच पुढे जावे, आणि पावसापूर्वी आधारभिंत पुरी करावी. एक प्रत मालकाला, एक ठेकेदाराला, एक पालिकेच्या झोन कार्यालयातील भवन अधिकाऱ्याला, पोच घेऊन. चौथ्या दिवशी मालकाचा इंजिनिअर आला. त्याने भिंत पाहिली, काच पाहिली आणि ठेकेदाराला एका बाजूला नेऊन काही सांगितले. काय सांगितले ते आम्हांस ऐकू आले नाही, पण संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू लागले. आधारभिंत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुरी झाली. भेग अजून आहे. मात्र दुसरी काच दोन पावसाळे शाबूत आहे.

कायद्याचे पाठबळ येथेही आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात, प्रत्येकाच्या जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क मानलेला आहे. आणि शेजारच्या जमिनीचा आधार वीस वर्षे शांतपणे आणि अखंड उपभोगला असेल तर तोही हक्क ठरतो. रस्त्यालगतचा खड्डा उघडा पडला असेल, तर त्याला कुंपण घालण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होती, १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. आमच्या राज्यात १८१ क्रमांकावर तक्रार नोंदविता येते आणि मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज देता येतो. परंतु क्रम असा असावा: आधी भेट, मग पत्र, मग पालिका, मग दंडाधिकारी, आणि अगदी शेवटी न्यायालय. पहिली पायरी गाळून चौथीवर उडी घेणारे अर्ज आम्ही पुष्कळ पाहिले; त्यांतून काम थांबत नाही, शेजार मात्र कायमचा थांबतो. उलट, भेटीतच वर्षभर रमणाऱ्यांचीही दाद लागत नाही. दोन भेटींत काही हलले नाही, तर तिसऱ्या वेळी कागदच बोलू द्यावा.

येथपर्यंत आम्ही शेजाऱ्याच्या बाजूने लिहिले. आता त्या कामावर राबणाऱ्यांविषयी लिहिले नाही, तर लेख एकांगी होईल. दिवसभर जी धूळ आपल्या खिडकीवर बसते, ती त्यांच्या छातीत बसते. जो आवाज आपण दहा हातांवरून ऐकतो, तो त्यांच्या हातातून निघतो. कामावरच पत्र्याची खोली टाकून ही कुटुंबे राहतात. होळीच्या आधी भगोरिया लागला की गावी जातात, आणि त्या आठवड्यात गल्लीला जी शांतता लाभते तिचे कारण पुष्कळांना ठाऊकही नसते. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांच्या कल्याणाचा कायदा केला, बांधकाम खर्चावर उपकर बसविला. त्यातला किती पैसा या पत्र्याच्या खोलीपर्यंत पोहोचतो, ते खोलीकडे पाहून वाचकांनीच ठरवावे.

या खोल्यांतील मुले रेतीच्या ढिगावर खेळतात. ‘रेती पसरवतात’ म्हणून आपण त्यांनाही हाकलतो. सरकारी शाळेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस हा ढीग निराळा दिसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. जन्माचा दाखला नाही म्हणून त्याला परत पाठविता येत नाही, आणि वर्ष अर्धे उलटले म्हणूनही नाही. दीड-दोन वर्षांचे बांधकाम म्हणजे एका मुलाच्या दोन इयत्ता. आपल्या खिडकीसमोर ती दोन वर्षे रेतीत जातात की शाळेत, हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरते की, गल्लीतील कोणी त्या आईला जवळच्या शाळेची वाट दाखविली की नाही. तिला बहुधा वाटत असते, आपण येथले नाही, आपल्याला कोण घेणार? चार पिढ्यांपूर्वी दूरच्या गावाहून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी माणसांना ही शंका अगदीच अपरिचित असू नये. आमच्या गल्लीतील काकूंनी भेगेच्या भांडणाच्या ऐन भरात समोरच्या दोन मुलींना शाळेत पोहोचविले. भिंतीचे भांडण मालकाशी, मुलींचा त्यात काय दोष, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्यांपैकी थोरलीने वर्षभरात बाराखडी पुरी केली.

इंदूरच्या इतिहासात एक प्रसंग आहे, तो या विषयाशी फार जवळचा आहे. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला होळकर दरबाराने बोलाविले होते. त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. गेडीसांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढली, आणि ती कोणत्या रस्त्यांनी जाणार हे आधी न ठरविता, जे रस्ते आणि घरे उत्तम झाडली-डागडुजी केली जातील त्याच मार्गाने ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी आपापल्या दारासमोरचा कचरा गाड्या भरभरून उपसला, घरे सारवली, रंगविली. सरसकट पाडापाडीस त्यांचा विरोध होता. अपायकारक तेवढे काढावे, बाकीचे राखून दुरुस्त करावे, असे त्यांचे मत होते. आजच्या जमीनभावाच्या दिवसांत ते सगळेच पाळता येईल असे नाही. पण घर माझे असले तरी त्याच्यासमोरचा रस्ता सगळ्यांचा आहे, ही त्यांची शिकवण याच शहराने एकदा हौसेने ऐकली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शेवटी, ज्यांची घरे उद्या उतरायची आहेत त्यांच्याविषयी दोन शब्द. आणि या अंकाच्या वाचकांत असे पुष्कळ असणार. काम बिल्डरच्या हवाली केले म्हणून शेजारही त्याच्या हवाली होत नाही. करारनाम्यात आपण चौरस फूट, फरशीचा रंग आणि नळाची जात लिहून घेतो; त्यातच चार ओळी वाढवाव्यात. सकाळी किती वाजता काम सुरू होईल आणि संध्याकाळी किती वाजता यंत्र थांबेल. रेती-गिट्टी कोठे पडेल. शेजारच्या भिंतीला काही झाल्यास दुरुस्ती कोण करील. मजुरांसाठी पाण्याची आणि शौचालयाची सोय कोठे असेल. सही होण्यापूर्वी या ओळी घालण्यास पैसा पडत नाही. सही झाल्यावर त्या कोणत्याही किमतीस मिळत नाहीत. मग भूमिपूजनाच्या आधी दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी स्वतः जावे, ठेकेदाराला बरोबर न्यावे, त्याचा आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा, आणि स्लॅबच्या तारखा आदल्या आठवड्यात कळवू असे सांगावे. त्या घरी कोणी आजारी आहे का, कोणाची परीक्षा आहे का, लग्नकार्य आहे का, हे विचारून घ्यावे. एवढे विचारले तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

आणि घर पुरे होऊन वास्तुशांत होईल तेव्हा जेवणावळीची यादी करताना दूरच्या नातलगांच्या आधी भिंतीपलीकडच्या घराचे नाव लिहावे. ज्यांनी दोन वर्षे आपली धूळ खाल्ली, त्यांचे पान पहिल्या पंगतीत पडावे, आणि ज्यांनी वीट वाहिली त्यांचे दुसऱ्या पंगतीवर ढकलू नये.